मोर्च्याचं कुरूप

आमच्या डॉक्टरीणबाईंना माणसं तोंडावरून ओळखूच यायची नाहीत. लालबागच्या नाक्यावर एकदा समोरासमोर गाठ पडली. मी हसले, हात केला, तर बाई आपल्या सरळ पुढे. असा राग आला म्हणून सांगू! काल हिच्यासमोर पाय ठेवून बसले होते आणि आज ओळख नाही? दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेले ती फणकाऱ्यातच. म्हटलं, "काय हो बाई, काल रस्त्यात बघून न बघितल्यासारखं केलंत?"

हातातल्या पायावरून मान वर न करता बाई म्हणाल्या, "चपला होत्या ना तुमच्या पायात!"



पाय उघडा दिसला की मात्र त्यांना सगळं आठवायचं. टाचेची भेग, शेजारच्या बोटावर चढलेली करंगळी, विळी पडून राहिलेला व्रण, एवढ्यावरून त्या माणसाचं घरदार सांगायच्या. "तुमच्या मुलीला कांजिण्या आल्या होत्या ना हो? खड्डे राहिले का चेहऱ्यावर?" नाव तेवढं कुणाचं कधी लक्षात राहिलं नाही. माझ्या शेजारणीला त्या शेवटपर्यंत 'चपटे तळवे' म्हणत, आणि ती मेली ओ पण द्यायची.

राहायला त्या गिरगावात. रोज सकाळी लालबागला यायच्या. उंच, काटकुळ्या, सुती पातळ चापूनचोपून नेसलेलं आणि त्याखाली शाळेतली पोरं पी.टी.ला घालतात तसले पांढरे कॅनव्हासचे बूट. लोक हसत. "दिवसभर उभी मी राहते की ते?" एवढंच म्हणायच्या. लग्न केलं नव्हतं. एका आगाऊ बाईने विचारलंच एकदा, का नाही केलंत म्हणून. बाई शांतपणे म्हणाल्या, "बघायला आले होते बरेच. एकाचेही पाय आवडले नाहीत." विचारणारीचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

दवाखाना म्हणजे आधीचं शिंप्याचं दुकान. आत एक टेबल, एक दिवा, गळ्यात अडकवायचं भिंग आणि मधोमध चौरंग. हो, सत्यनारायणाला मांडतात तसलाच. पेशंटने त्याच्यावर पाय ठेवायचा. आमच्या कोकणातल्या म्हाताऱ्यांना हे कसं पचावं? पाय उचलायच्याच नाहीत. "चौरंगावर पाय? पाप लागेल हो!" बाई म्हणत, "पाप माझ्या नावावर. ठेवा तुम्ही." आणि तिथेच एखादा मिलमधला मुकादम आला तर, "ठेव रे पाय, वेळ नाही मला." बायकांना अहो-जाहो आणि पुरुषांना अरे-तुरे हा त्यांचा नियम होता. मग तो साठीचा का असेना. एकाने तक्रार केली तेव्हा म्हणाल्या, "तुला घरी सगळे अहोच म्हणतात. इथे जरा आराम कर."

ठरल्या दिवशी पेशंट आला नाही की बाई त्याच्या घरी जायच्या. बोलावणं नको, फी नको. कॅनव्हासचे बूट जिन्यावर वाजले की चाळीत कुणीतरी औषध बुडवलंय हे सगळ्यांना कळायचं, आणि तो माणूस संडासात जाऊन बसायचा. बाई बाहेर उभ्या. "बस रे बस, मला घाई नाही." गॅलरीभर हशा.

त्यांच्या दवाखान्यासमोर फुटपाथवर एक म्हातारी बिब्बे विकायला बसायची. बिब्बा म्हणजे आमच्याकडे अवघड दुखण्यावरचा जालीम उपाय. पायाला कुरूप झालं, की सुई टोचून बिब्बा दिव्यावर धरायचा आणि तेल उकळून वर आलं की तो चटका कुरपावर द्यायचा. बाईंना बिब्बा म्हणजे जन्माचा वैरी. भाजून, पाणी भरून, पिकून आलेले पाय त्यांनी इतके निस्तरले होते की एक दिवस भडकल्या आणि म्हातारीची अख्खी टोपली विकत घेऊन टाकली. म्हणाल्या, आता बसा घरी. दुसऱ्या दिवशी म्हातारी दोन टोपल्या घेऊन हजर! "डॉक्टरीणबाय, आज पण घेणार ना?" बाई हसत सुटल्या. मग तिला आत घेतलं, तिच्या भेगांना मलम लावलं आणि पुन्हा बाहेर सोडलं. वैर कायम राहिलं, पण दुपारचा चहा दोघी एकत्र घ्यायच्या.

पुढे मिलच्या जागा विकायला लागल्या तेव्हा गाळा खाली करून घ्यायला बिल्डरचा एक माणूस आला. गळ्यात चेन, पायात टोकदार बूट. बाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "लंगडतोस का? बूट काढ." टाचेखाली निघाली चामखीळ. बाई म्हणाल्या, "जागेचं नंतर बघू. हे बरं व्हायला वेळ लागेल, दर आठवड्याला यावं लागेल. दवाखाना नसला तर कुठे येशील?" तो येत राहिला. पाय बरा झाला तरी येत राहिला, आणि बाई होत्या तोवर गाळ्याला कुणी हात लावला नाही.

आता माझ्या पायाचं सांगते.

आमचे हे साचेखात्यात, म्हणजे मागावर. तिथे सूत तुटू नये म्हणून हवा ओलसर ठेवत, जमीन ओली, आणि माणसं पाळीभर अनवाणी. घरी चाळीत आले की मजल्याची एकच मोरी. तीही कायम ओली, आणि तिथेही सगळे अनवाणी. मोरीत चपला घालून जाणं म्हणजे आमच्याकडे घाण. आंघोळीच्या जागी बाहेरच्या चपला नेणार कोण?

मग संप झाला. सगळ्या गिरणगावाचा. हे पहिल्या दिवसापासून त्यात. मोर्चा निघाला की हे पुढे. घोषणा देऊन घसा बसायचा, पायाची चाळण व्हायची, पण चेहरा असा फुललेला असायचा की मला पण वाटायचं, होणार, काहीतरी होणार. आणि त्याच दिवसांत मजल्यावरच्या बाप्यांच्या तळपायांना कुरपं यायला लागली. एकाला, दुसऱ्याला, मग बऱ्याच जणांना. कुणीतरी म्हणालं, मोर्च्यात चालून चालून झालं हे. झालं! नावच पडलं, मोर्च्याचं कुरूप. ज्याच्या पायाला ते, तो खरा संपवाला. गॅलरीत बसून एकमेकांना तळवे दाखवायचे. "माझं बघ." "अरे, माझी तीन आहेत." आमचे हे तर चालताना मुद्दाम थोडं जास्त लंगडायचे.

रविवारी सकाळी आंघोळी झाल्या की ही कुरपं कापायला तात्या बसायचे. तात्या साचेखात्यातलेच जुने जॉबर, म्हणजे मुकादमासारखे, मालवणकडचे, हात अगदी हलका. पाटावर बसायचे, समोरच्याचा पाय मांडीवर घ्यायचे, ऊन पाण्यात भिजवून दाढीच्या अर्ध्या पात्याने कातडं सोलायचे आणि आतले काळे ठिपके दिसले की ते मूळ म्हणून उकरायचे. रक्त आलं की धोतराला पातं पुसायचं आणि पुढचा पाय. सगळ्यांचं एकच पातं. वाईट मनाचा नव्हता हो माणूस! दुसऱ्याचा पाय मांडीवर घेऊन बसायला मन मोठं लागतं. पण त्या पात्याने काय केलं ते आम्हाला कुठे माहीत?

संप लांबला. मिलचा भोंगा आपल्यासाठी परत वाजणार नाही हे सगळ्यांना कळून चुकलं होतं, तोंडाने म्हणत कुणी नव्हतं. हे घरी बसून. तेव्हा मी डबे सुरू केले. शिवाजी पार्कला जुन्या बिल्डिंगांतून रिटायर झालेली माणसं राहतात, मुलं परदेशी, हाताशी कुणी नाही, आणि जिभेला मात्र कोलंबीचं कालवण पाहिजे. दोन हातांत दोन पिशव्या घेऊन लालबाग ते परळ, परळ ते दादर, तिथून पार्क, असं रोज चालत. मग जिने. यांना ते आवडत नव्हतं. बायकोच्या डब्यांवर घर चालतंय हे गळ्याखाली उतरत नव्हतं, भात मात्र उतरत होता. पिशवी उचलायला हात लावला नाही कधी. बाईमाणसाचं काम ना ते!

आणि अशात माझ्या उजव्या तळव्याला, बोटांच्या खाली, ते आलं. पाऊल टेकलं की चपलेत खडा शिरल्यासारखं. पुढे पुढे खडा कसला, खिळाच. मी आपली टाचेवर चालायला लागले, मग कंबर धरली. डबे उशिरा पोचायला लागले.

घरात सांगितलं तर हे म्हणाले, "चप्पल चावली असेल."

यांच्या पायाला आलं ते मोर्च्याचं, आणि माझ्या पायाला आलं ती चप्पल चावली! शेजारणीने, म्हणजे त्या चपट्या तळव्यांनी, मला बाईंकडे नेलं.

बाईंनी पाय चौरंगावर घेतला. दिवा जवळ ओढला, भिंग डोळ्याला लावलं. अंगठ्याने वरून दाबलं. "दुखतं?" म्हटलं, थोडं. मग दोन बोटांच्या चिमटीत बाजूने धरलं तशी मी किंचाळले. बाईंना कोण आनंद झाला! "कुरूप नाही हो हे. चामखीळ आहे, तळपायाची. कुरूप वरून दाबलं की दुखतं, ही बाजूने धरली की. आणि या तुमच्या तळव्याच्या रेघा बघा. कुरूप असतं तर रेघा त्याच्यावरून गेल्या असत्या. इथे येऊन थांबल्यात बघा, बाजूने वळसा घालून गेल्यात."

"आणि आत काळं मूळ आहे ते?"

"कसलं मूळ? केसाहून बारीक रक्तवाहिन्या असतात, त्यात रक्त गोठलंय. उकरलं कुणी?"

मी तात्यांचं सांगितलं. एकदा मीही पाय पुढे केला होता. बाईंनी कपाळावर हात मारला. "विषाणू असतो हा. मोरीत ओल, कातडी भिजून मऊ पडलेली, एखादी बारीक चीर, बास, शिरला आत. अंगाचं वजन पडून चामखीळ आत दबते, म्हणून कुरपासारखी दिसते. आणि तुमचा तो तात्या रविवारच्या रविवार एका पायातली काढून दुसऱ्या पायात पेरतोय!"

औषध दिलं ते एका बारक्या बाटलीत. रोज संध्याकाळी पाय ऊन पाण्यात ठेवायचा, मेलेलं कातडं आपल्या स्वतःच्या दगडाने हलक्या हाताने घासायचं, रक्त येईपर्यंत नाही, आणि तो दगड दुसऱ्या कुणी वापरायचा नाही. मग औषध फक्त चामखिळीवर लावायचं, आजूबाजूच्या चांगल्या कातडीवर नाही, आणि वरून चिकटपट्टी. मोरीत जाताना रबरी चप्पल. हात लावला की हात धुवायचे.

"गोठवूनही काढतात मोठ्या इस्पितळात," बाई म्हणाल्या, "पण तिथे रांगेत उभं राहायला तुम्हाला वेळ नाही आणि फोड आला तर डबे कोण नेणार? हेच करा. साखर आहे का तुम्हाला? असती तर तुमच्या हातात बाटली दिलीच नसती."

"किती दिवस लागतील?"

"दिवस नाही, महिने. कधीकधी आपोआपही जाते. अंगाला विषाणूची जाग यायला वेळ लागतो. तोवर आपण सोडायचं नाही. आणि बिब्बा लावलात तर याद राखा. तळवा भाजून महिनाभर बसाल घरी."

घरी आले. औषधाला वास अगदी नेलपॉलिशचा. हे म्हणाले, "आता रंगरंगोटी सुरू का?" मोरीत रबरी चप्पल घालून गेले तर अख्खा मजला बोलला. विटाळ केला, माजली, डॉक्टरीणबाईच्या नादाला लागली. मी रोज घासत होते, लावत होते. आणि चामखीळ होती तशी होती. बाई दर शनिवारी बघायच्या, म्हणायच्या, "कमी आहे." मला तर काही कमी दिसत नव्हतं.

त्यात एका शुक्रवारी पार्कातल्या एका साहेबांनी दारातच सुनावलं, "बाई, जेवायची वेळ टळून गेली. जमत नसेल तर सांगा, आम्ही दुसरीकडे बघतो." एक गेला की पाच जातात, बिल्डिंग एकच. घरी येऊन रडले. शनिवारी दवाखाना चुकवला आणि डब्यांची वेळ गाठायला धावले. रात्री यांनी म्हटलं, "उद्या तात्यांकडून बिब्बा घालून घे. एकदाच काय ते दुखेल." मी थकले होते. मान हलवली.

रविवारी गॅलरीत मजल्यावरचे सगळे बाप्ये. तात्यांनी दिवा लावला, सुईला बिब्बा टोचला. यांनी माझा पाय धरला.

तात्या म्हणाले, "मूळ खोल गेलाहा, पोरी. बिब्बो घातल्याशिवाय सुटूचा नाय."

"नंतर चालता येईल ना?" मी विचारलं.

हे चटकन म्हणाले, "महिनाभर बसलीस घरी तर काय होतं? राहतील डबे बंद."

मी यांच्या तोंडाकडे बघितलं. त्या तोंडावर काळजी नव्हती हो. सुटल्यासारखं होतं. डबे बंद व्हावेत असं या माणसाला मनातून वाटतंय, हे मला त्या क्षणी कळलं. आणि तेवढ्यात जिन्यावर कॅनव्हासचे बूट वाजले. शनिवारी मी गेले नव्हते ना.

बाई आल्या, दिवा बघितला, बिब्बा बघितला. मला वाटलं, आता उचलून खाली फेकतात. पण त्या एका ट्रंकेवर बसल्या आणि म्हणाल्या, "तात्या, ते जरा खाली ठेव. आधी तुमचे सगळ्यांचे पाय बघू."

बाप्यांना वाटलं, गंमत आहे. एकेकाने पाय कठड्याला लावला. बाई रांगेने चिमट्या घेत निघाल्या. "आई गं!" "मेलो!" "हो बाजूला," म्हणत बाई पुढे. बघता बघता सगळी गॅलरी विव्हळायला लागली. एक-दोघांचीच खरी कुरपं निघाली, बाकी सगळ्यांना चामखिळी.

"एकाच पात्याने पसरवलीत रे ही," बाई म्हणाल्या. "आणि एकाच मोरीने. मोर्च्याचा काही संबंध नाही."

झालं. आमचे हे उसळले. "आमच्या संपाला चामखीळ म्हणता? आम्ही उन्हातान्हात चाललो ते काय खोटं? तुम्ही शेवटी मालकांच्या दवाखान्यातल्या!"

हे खरं होतं की बाई आधी मिलच्या दवाखान्यात होत्या. पण संप लागला तशी त्यांनी नोकरी सोडली होती, मालकांनी बोलावलं तरी गेल्या नव्हत्या. बाई उभ्या राहिल्या. आवाज जरासुद्धा चढवला नाही. "संपाला माझा पाठिंबा होता, आहे. चामखिळीला नाही. चाललास ते खरंच आहे, ते कुणाच्या बापाला पुसता येणार नाही. पण त्याचा पुरावा म्हणून हा रोग कशाला पोसतोस?"

तात्या हात जोडून म्हणाले, "बाय, तुमी शिकलेले. पन माझ्या हातान कोणाचा वायट झाला नाय. ह्या पोरीक माका सोडवूक द्या."

बाईंनी माझ्याकडे बोट केलं. "पाय यांचा आहे. यांना विचार."

आणि परत ट्रंकेवर जाऊन बसल्या. मला वाचवायला आल्या होत्या असं वाटत होतं, आणि त्या तर आरामात बसल्या! सगळे माझ्याकडे बघायला लागले. बिब्ब्याचा वास सुटला होता. यांचा हात अजून माझ्या घोट्यावर होता.

मी पाय हिसकला. "सोडा. पाय माझा आहे."

"अगं पण..."

"पण नाही नि बिण नाही. तुमच्या पायाला मोर्च्याचं कुरूप, आणि माझ्या पायाला चप्पल चावली? संप काय तुम्ही एकट्यानेच केलात? रोज लालबागपासून पार्कापर्यंत जाते ती कशासाठी जाते? तुम्ही मान ताठ ठेवून बसावं म्हणूनच ना? माझ्यामागे झेंडा नसतो, घोषणा नसते, म्हणून ते चालणं नव्हे? मला महिनाभर बसवता होय? पोरांच्या ताटात काय वाढू मग? तुमचं मोर्च्याचं कुरूप वाढू?"

एवढं मी आयुष्यात कधी बोलले नव्हते. यांना तर नाहीच नाही. उभी राहिले, पूर्ण तळवा टेकवून. खिळा आत घुसला तरी टाच उचलली नाही. तात्यांनी फुंकर मारून दिवा विझवला.

बाई म्हणाल्या, "झालं तुमचं? या, पट्टी सुटलीय, लावून देते." आणि भर गॅलरीत खाली बसून लावली.

मग काही दिवस चाळीने बाईंवर बहिष्कार टाकला. बाईंनी चाळीवर टाकला नाही. पुढच्या रविवारी त्या तात्यांच्या पाटाशेजारी दुसरा पाट घेऊन येऊन बसल्या. तात्यांनी आपला पाट जरा लांब सरकवला. बाई म्हणाल्या, "कुरूप तुझं, चामखीळ माझी. तुझा हात माझ्यापेक्षा हलका आहे, पण ज्याने त्याने पातं आपापलं आणायचं." एकेक पाय बघून त्या वाटणी करायच्या. तात्यांना ते पटलं. बघता बघता स्वतःच चिमटी घेऊन सांगायला लागले, "ही बायची गो, माझी नाय." मोरीबाहेर रबरी चपलांची रांग लागली. माजलेली मी एकटीच होते, आता सगळा मजला माजला.

माझ्या तळव्याचं म्हणाल तर एक दिवस पार्कातला जिना चढून वर गेले आणि दारात उभी राहिल्यावर लक्षात आलं, आपण टाचेवर नाही आलो. बाईंनी भिंग लावून बघितलं. रेघा सरळ आरपार गेल्या होत्या. "संपलं. आता इथे येऊ नका," म्हणाल्या, आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. मी मात्र खुर्चीतून उठले नाही. माझ्या पायाच्या रेघा मला परत बघायच्या होत्या.

हे त्या रविवारनंतर माझ्याशी कामापुरतं बोलायचे. मजल्यावरच्या बहुतेकांनी औषध धरलं, यांनी नाही. गॅलरीत एकटेच तळवा कुरवाळत बसायचे. मीही मागे लागले नाही. म्हटलं, पाय त्यांचा आहे.

आणि एका सकाळी मी डबे भरत होते तर हे उठले, चपला घातल्या आणि एक पिशवी उचलली. "चल," म्हणाले. मी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर पिशवी खाली ठेवली असती या माणसाने, मला माहीत आहे ना! गॅलरीतून, सगळ्यांच्या देखत, हे डबे घेऊन जिना उतरले. पण गल्ली संपायच्या आतच तोंड वाकडं व्हायला लागलं. खोटं लंगडणं वेगळं आणि खरं वेगळं. दवाखान्याच्या दाराशी थांबले. म्हणाले, "असं चाललो तर रोज उशीर व्हायचा तुझ्या डब्यांना."

आणि आत वळले.

चौरंगावर पाय ठेवला. बाईंनी तोंडाकडे बघितलंच नाही, तळवा बघितला आणि ओळखलं. "मोर्च्याचं ना रे?"

टोमणा नव्हता त्यात. यांनाही ते कळलं. "हो," म्हणाले.

"काढायचं?"

"काढा." आणि विचारलं, "कधी जाईल?"

"तसं कळणार नाही. रोज थोडं थोडं झिजेल. एक दिवस बघशील तर नसेल." बाईंनी घासायला सुरुवात केली.

यांनी पिशवी मांडीवर घेतली. मग म्हणाले, "आमच्या संपाचंही असंच झालं बघा. संपला असं कुणी सांगितलंच नाही." आणि लग्नानंतर पहिल्यांदा मी या माणसाला रडताना बघितलं. खांदे गदगदत होते, पिशवी तशीच मांडीवर धरलेली.

बाईंनी टाच घट्ट पकडली. मान खालीच.

"रड रे, खुशाल रड. पाय तेवढा हलवू नकोस."